‘अंगावर ठीक?’ आणि माझं ‘ठीक हाय’

माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हा लिहिण्यात चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. हल्ली आम्ही पुण्याच्या पुढं, कंपन्यांच्या वस्तीत राहतो. शेजारच्या खोलीतल्या पोरीला दिवस गेलेत. तिचंही माहेर लांब आहे. ती मला सारखी विचारते, "काकू, दवाखान्यात काय काय करतात हो?" मी तिला अर्धं सांगते आणि अर्धं गिळते. जे गिळते तेच तिला उपयोगाचं आहे, हे कळतं, पण तोंडातून निघत नाही. म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला राहायला नको. मी जगले, माझी लेकही जगली. माझी गर्भाची पिशवी मात्र गेली. पहिल्याच बाळंतपणात गेली, आणि ती वाचली असती.

कुलूप

माझं माहेर शिरूर कासारच्या बाजूचं, सासर युसूफ वडगावचं. म्हणायला जिल्हा एकच, पण दोन एसट्या बदलून जावं लागायचं आणि दिवस त्यातच जायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तशी रीतच आहे. पण दिवाळी सरली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. माय आणि दादा टोळीबरोबर गेलते. घराला कुलूप.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "माहेरी जाती म्हनं! कुलूप करनार हाय का तुपलं बाळंतपन?"

बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं.

आमचे मालक बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला होते. त्या वर्षी दुकानाला लागूनच पिवळ्या पाटीचं एस.टी.डी. बूथ निघालं होतं. तिथनं ते कारखान्यावर फोन लावायचे, मायला निरोप द्या म्हणायचे. पलीकडचा माणूस हो म्हणायचा. निरोप कधी पोचायचा, कधी ऊस भरलेल्या गाडीमागं धुळीत जायचा.

माझ्या पायांना सूज आली. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी पाय दाबून बघितले आणि म्हणाल्या, घरी ठेवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. काळीपिवळी जीपमधून गेलो. आत्याबाई पूर्ण रस्ता म्हणत होत्या, "आमी आमची रानात बाळंत झालो."

मोठ्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नावानं काही बदलत नाही.

ठीक हाय

लेक उजाडता उजाडता झाली. नीट झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वार पडली, सगळं चांगलं आहे. मला वॉर्डात आणलं. खाटांची लांब रांग, प्रत्येक खाटेखाली एक बादली, आणि बाळंतशोपा, फिनाईल नि ओल्या कापडाचा मिळून एक वास. तो वास आजही मला कुठंही ओळखू येतो.

सकाळच्या फेरीला लीलाम्मा सिस्टर आली. केरळची. लहान चणीची, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली, आणि पायात इतकी घाई की तिची चप्पल आधी ऐकू यायची, ती मागून दिसायची. तिचं मराठी मोडकं होतं पण गोड होतं. बायका तिला लीलाबाईच म्हणायच्या. माझ्यासारखीच घरापासून लांब आलेली म्हणून मला ती पहिल्या क्षणापासून आवडली.

खाटेजवळ येऊन तिनं विचारलं, "बाई, अंगावर ठीक?"

लेक माझ्या अंगावर पीत होती. आमच्याकडं बाळाला पाजायचं म्हणजे अंगावर पाजायचं. मी म्हणलं, "ठीक हाय, सिस्टर."

"गुड," म्हणाली आणि पुढच्या खाटेला गेली.

दुपारी परत तेच. "अंगावर ठीक?" लेक झोपली होती, पण जरा वेळापूर्वी चांगली प्याली होती. "ठीक हाय."

खाली माझं रक्त जात होतं. भसाभसा नाही, धार नाही. आपलं जातच राहायचं. आत्याबाईंनी कापड बदललं, परत बदललं. मी म्हणलं, "आत्याबाई, लई जातंय का हो?" त्या म्हणाल्या, "जाऊ दे. खराब रगत हाय, साफ झालेलं बरं. न्हाई गेलं तर मग बोंबलशील." त्यांना त्यांच्या सासूनं हेच सांगितलं होतं. कापडं त्या लगेच मोरीत नेऊन धुऊन टाकायच्या. विटाळाची कापडं चारचौघांत कशाला दिसू द्यायची? सुनेची अब्रू झाकली असंच त्यांना वाटत होतं.

मी तरी कुणाला सांगणार? पहिलीच वेळ. किती म्हणजे जास्त, हे मला कुठं ठाऊक? त्यात माझा स्वभाव असा की कुणी काहीही विचारलं की पहिला शब्द ‘ठीक हाय’. सासरी आल्यापासून तोच शब्द सगळ्यात जास्त चालला होता. जेवलीस का, ठीक हाय. माहेरची आठवण येती का, ठीक हाय.

शेजारच्या खाटेवर गयाबाई होती, माझ्याच माहेराकडची, चौथ्या खेपेची. तीच पहिल्यांदा म्हणाली, "अगं पोरी, तुपलं त्वांड असं कावून पांढरं पडलंय?"

मी उत्तर देणार होते. छतावरचा पंखा खाली खाली येतोय असं वाटलं. गयाबाईची हाक लांब विहिरीतून आल्यासारखी ऐकू आली. मग काहीच नाही.

सही

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्यानं.

वारेचा एक तुकडा आत राहिला होता. डॉक्टरबाईंनी तो काढला, पण तोवर इतकं रक्त गेलं होतं की पिशवी आवळेचना आणि रक्त थांबेना. त्यांनी मालकांना बाहेर बोलावून सांगितलं की पिशवी काढली तर ही जगेल.

आत्याबाई म्हणाल्या, "पहिलीच पोरगी झाली, आनि पिशवी काढायची? वंश बुडवता का? थांबा जरा, हिच्या थोरल्या दिराला बोलवू."

मालकांनी सही केली. तेवढ्यावर आत्याबाई वऱ्हांड्यातच ओरडल्या, "मला न इचारता?" आणि आयुष्यात कधी वर आवाज न केलेला माझा नवरा म्हणाला, "मग काय मरू देऊ तिला?"

रक्तही लागणार होतं. आत्याबाईंनी लेकाचा दंड धरून ठेवला. "तू द्यायचं न्हाई. मानूस खंगतो." मालक म्हणाले, बरं, मी चहा पिऊन येतो. गेले, रक्त दिलं, आणि वर खरोखर चहा पिऊन आले, म्हणजे खोटं बोललो असं व्हायला नको. हे त्यांनी आईला कधीच सांगितलं नाही. आत्याबाई गेल्या त्यालाही वर्षं झाली. त्यांच्या लेकाचं रक्त माझ्या अंगात होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मला शुद्ध आल्यावर डॉक्टरबाईंनीच सांगितलं. त्या खाटेवर बसल्या, हे मला आठवतं. डॉक्टर खाटेवर बसत नाहीत. "आता पुढं मूल होणार नाही," म्हणाल्या. "पण ही आहे, तू आहेस." मी म्हणलं, "ठीक हाय." त्या उठून गेल्यावर मी लेकीकडं बघितलं. ती जांभई देत होती. मला रडूच येईना. आत इतकं रिकामं झालं होतं की रडायलाही आधारासाठी काहीतरी लागतं, ते नव्हतं.

अंगावर म्हणजे काय

माझे टाके पिकले, त्यामुळे मुक्काम लांबला. या मुक्कामात दवाखान्याची घडी कशी बसते आणि कशी मोडते, ते मी पडल्या पडल्या बघितलं.

एका सकाळी मालक लीलाम्मा सिस्टरवर तुटून पडले. "दोनदा येऊन गेलात ना? डोळे नव्हते का तुमाला?" ती भिंतीला टेकून उभी राहिली. "मी विचारला," एवढंच म्हणाली. "मी विचारला, बाई ठीक बोलली." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी चादरीकडं बघितलं.

दुपारी मेट्रनबाई आल्या. वयानं मोठ्या, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज हळू. लीलाम्मा त्यांच्या मागं उभी होती, डोळे सुजलेले. मेट्रनबाईंनी मला विचारलं, "हिनं तुला रक्ताचं विचारलं होतं का?"

खरं सांगावं तर हिची नोकरी जाईल, आणि हीच तर माझी पट्टी इतक्या हळू सोडते की दुसरं कुणी तसं करत नाही. खोटं सांगावं तर मीच दोषी. शेवटी जे झालं तेच बोलले. "नाही बाई. रक्ताचं नाही विचारलं. बाळ अंगावर पितंय का ते विचारलं. ते पीत होतं."

मेट्रनबाईंनी मागं वळून बघितलं. लीलाम्मानं तोंडावर हात ठेवला. तिला शिकवलेलं वाक्य होतं, ‘अंगावरून जास्त जातंय का?’ म्हणजे रक्त. रोज शंभर ठिकाणी म्हणून म्हणून ते वाक्य झिजलं होतं, न्हाणीतल्या साबणासारखं. शेवटी उरलं ‘अंगावर ठीक?’ ते बोलताना तिला रक्तच दिसायचं. आम्हाला दिसत नव्हतं.

मेट्रनबाई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, सगळ्यांना विचारू." आणि खाटेमागून खाट दोघी फिरल्या. प्रश्न तोच, जसाच्या तसा, ‘अंगावर ठीक?’ आणि मग, "तुला काय समजलं?"

एक पोरगी म्हणाली, "पातळ हाय अंगावर, जुनंच हाय, पर थंडी न्हाई वाजत." दुसरी म्हणाली, "पुरळ उठलंय पाठीवर." तिसरीची सासूच बोलली, "दूध कमी हाय, खारीक घातली का वाढंल." एकीनं मात्र बरोबर ओळखलं, पण तीही लाजून ‘ठीक’ म्हणाली होती.

गयाबाईपाशी आल्या तर ती म्हणाली, "अंगावर? घरी तीन, हितं ह्यो चौथा, आनि त्याचा बाप पाचवा. समदे मपल्याच अंगावर हायेत, सिस्टर. ठीक कशाचं आलंय?"

सगळा वॉर्ड हसला. टाके दुखत असताना मीही हसले. लीलाम्मासुद्धा हसली आणि हसता हसता रडायला लागली. गयाबाई घाबरली. "अगं बाई, मी गमतीनं म्हनलं."

कापड दाखव

मला वाटलं, आता शब्द बदलतील आणि झालं. तसं नव्हतं.

आधी त्यांनी विचारायला सुरुवात केली, "रगत जातंय का?" सगळ्या म्हणायच्या, हो. बाळंतिणीचं जायचंच की. मग विचारलं, "जास्त जातंय का?" नव्या पोरी म्हणायच्या, न्हाई. जुन्या म्हणायच्या, हो, आणि वर खुश व्हायच्या, घाण निघाली म्हणून. मेट्रनबाई रोज दुपारी स्वतः फिरायच्या आणि एखादीचं कापड बघायच्या. तिनं सकाळी सांगितलेलं आणि कापडावर दिसलेलं जुळायचं नाही. त्या मान हलवायच्या. "नाही जमलं," म्हणायच्या. लहान पोरगी भाकरी थापायला शिकते तशा त्या दोघी शिकत होत्या. मोडली, परत पीठ घेतलं.

मग ठरलं की विचारायचंच नाही, बघायचं. पण बघणार कसं? कापडं तर आमच्या सासवा-आया आधीच धुऊन टाकायच्या. सिस्टर म्हणाली, बादलीत ठेवा, मी बघितल्यावर धुवा. वॉर्डात गलका झाला. "इटाळाचं कापड ठिवायचं? आनि जेवायचं कुठं?" आत्याबाई सगळ्यात पुढं होत्या.

मेट्रनबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. आत्याबाई परत आल्या त्या माझ्या पायथ्याशी बसल्या आणि बराच वेळ माझ्या पायाचा अंगठा धरून राहिल्या. संध्याकाळी नवी बाळंतीण आली, तेव्हा तिच्या आईनं कापड उचललं, तर आत्याबाई खेकसल्या, "ठिव तितंच! सिस्टर बघू दे आधी."

दुसरी अडचण लाजेची. उघड्या वॉर्डात पोट उघडं करायचं कसं? गयाबाईनं आपलं एक जुनं लुगडं दिलं. ते दोरीला बांधून पडदा झाला. खाटेखाटेला फिरवता येईल असा. त्यावर कोंबड्यांची नक्षी होती. लीलाम्मा पडद्यामागं जायची, बाईच्या पोटावर हात ठेवायची. पिशवी आवळली असली की हाताला कवठासारखी टणक लागते, सैल असली की लागतच नाही, असं तिनं मला सांगितलं. मग कापड बघायची. शेवटी विचारायची, आणि कुणी ‘ठीक हाय’ म्हणलं की मेट्रनबाईंनी घालून दिलेला नवा नेम होता: तिथं थांबायचं नाही. "काय ठीक आहे?" म्हणून विचारायचं. बाईनं आपल्या तोंडानं सांगितलं पाहिजे.

बायका वैतागायच्या. "अगं माय, ठीक म्हंजे ठीक!" पण सांगायच्या. बाळ पितंय. लघवी झाली. कापड अर्धं भिजलं.

वाचलेली

एक पोरगी आली, माझ्याच वयाची. पहिलटकरीण. दुपारच्या फेरीला लीलाम्मा पडद्यामागं गेली आणि लगेच बाहेर येऊन हाक मारली. पोरीचं कापड नुकतंच बदललेलं, दिसायला स्वच्छ. पण पोटाला हात लागला तो सैल. धावपळ झाली, पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, आतलं साफ केलं. दुसऱ्या दिवशी ती पोरगी गूळ घातलेला शिरा खात बसली होती. पिशवीसकट.

वॉर्डात आनंद झाला. गयाबाई घरी गेली होती, नाहीतर तिनं काहीतरी बोलून हसवलं असतं. मलाही आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याच वेळी मी भिंतीकडं तोंड केलं. त्या पोरीचं मी कधी वाईट चिंतलं नाही, पण तिच्या शिऱ्याचा वास मला सहन झाला नाही. हे मी शेजारच्या पोरीला सांगत नाही. इथं लिहिते.

त्याच आठवड्यात माय आली. निरोप शेवटी कुणीतरी दिला होता. हातांना उसाच्या पाचटाचे चरे, पदरात गुळाची ढेप. तिनं नातीला घेतलं, मग माझ्या पोटावरची पट्टी बघितली, आणि म्हणाली, "मी असते तर..."

ती असती तर तिनंही कदाचित म्हणलं असतं, जाऊ दे, खराब रगत हाय. तिलाही तेच शिकवलेलं. पण माय असती तर मी तिला ‘ठीक हाय’ म्हणलं नसतं, एवढं मात्र खरं.

काय ठीक आहे

घरी जायचा दिवस आला. मालक जीप बघायला गेले होते, आत्याबाई गाठोडं बांधत होत्या. सकाळची फेरी चालू होती. लीलाम्मा खाटेखाटेला जात होती, लुगड्याचा पडदा बरोबर सरकवत. आता ती घाई करत नव्हती. चप्पल ऐकू यायची नाही.

माझ्या खाटेपाशी आली. माझं नाव फेरीतून कधीच निघालं होतं, तिनं यायचं काही कारण नव्हतं. पण हाताला सवय लागली होती. तिनं पडदा ओढला, वाकली, आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. तिथं बघायचं काहीच नव्हतं.

तिनं हात काढला नाही. मीही हलले नाही. कोंबड्यांच्या नक्षीतून ऊन आत येत होतं. तिचा हात गरम होता.

तिची समजूत काढावी म्हणून मी म्हणलं, "ठीक हाय, सिस्टर."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग नेमाप्रमाणे, अगदी हळू, तिनं विचारलं, "काय ठीक आहे?"

मी लेकीला उचललं आणि जीपकडं निघाले. शेजारच्या पोरीला रोज म्हणते, कुणी विचारलं तर नुसतं ठीक म्हणू नकोस, काय ठीक आणि काय नाही ते सांग. ती म्हणते, हो काकू. तिला सांगून झालं की मी घरात येते, आणि लीलाम्माचा तो प्रश्न तसाच उभा असतो. अजून मी त्याला उत्तर दिलेलं नाही.